जैसलमेर : टंचाईने जपलेले, पाण्याने पोखरलेले नगर

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या घराघरांत कौले परतण्याची लगबग सुरू होते. पुढचे चार महिने भिंतींना येणारी ओल, कपाटातल्या पुस्तकांना धरणारी बुरशी आणि विहिरीच्या काठापर्यंत चढलेले पाणी आपल्या नित्य परिचयाचे असते. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या आपल्या प्रदेशात घर बांधायचे म्हणजे आधी पाण्याला वाट करून द्यायची, हे ज्ञान गवंड्यापासून घरमालकापर्यंत सर्वांना असते. याच देशाच्या पश्चिम टोकाला, थरच्या वाळवंटात, वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस न पडणारे एक नगर साडेआठशे वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. ते नगर म्हणजे जैसलमेर. आश्चर्य असे, की शतकानुशतके तहान सोसलेल्या या नगराच्या किल्ल्याला आज सर्वांत मोठे भय आहे ते पाण्याचे.

जैसलमेरला जाणारा प्रवासी बहुधा दोन-तीन दिवसांचा बेत आखतो. सोनेरी किल्ला, नक्षीदार हवेल्या, सम येथील वाळूचे डोंगर आणि उंटावरची फेरी एवढे पाहून तो परततो. हे सारे पाहावे, त्यात वावगे काही नाही. मात्र याच तीन दिवसांत आपण पाण्याचा माग घेत फिरलो, तर एरवी सुटी सुटी वाटणारी स्थळे एका सूत्रात गुंफली जातात आणि हे नगर कसे टिकले व आता कशाने खचते आहे, तेही उमगू लागते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

व्यापारी वाटेवरचे नगर

भाटी राजपूतांची राजधानी पूर्वी लोद्रवा येथे होती. उघड्या मैदानावरचे ते ठिकाण आक्रमणांना बळी पडू लागले, तेव्हा रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये जवळच्या त्रिकूट टेकडीवर नवा किल्ला उभारला. त्यांच्याच नावावरून नगर जैसलमेर झाले. टेकडीची उंची भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ७६ मीटर. एरवी ती लहानच म्हणायची, पण चोहोकडे क्षितिजापर्यंत पसरलेल्या सपाट माळावर तेवढी उंचीही मैलोगणती दूरवरून नजरेत भरते.

अशा रुक्ष ठिकाणी समृद्धी आली ती व्यापारी तांड्यांमुळे. सिंध, अफगाणिस्तान आणि त्यापलीकडच्या प्रदेशांकडे जाणाऱ्या वाटा येथून जात. रेशीम, मसाले, अफू, सुकामेवा, नीळ असा माल उंटांवर लादून येई. त्यावरची जकात राजाला मिळे आणि सावकारी व्यापाऱ्यांना. वाळवंटात तांड्याला सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, तर पिण्याचे पाणी आणि सुरक्षित मुक्काम. जैसलमेर या दोन्ही गोष्टी देऊ शकत होते, हेच त्याच्या वैभवाचे रहस्य.

पुढे १८१८ मध्ये संस्थानाने इंग्रजांशी तह केला. मुंबई बंदराची भरभराट झाली, रेल्वेमार्ग पसरले, माल समुद्रमार्गे जाऊ लागला आणि उंटांच्या वाटा ओस पडत गेल्या. १९४७ च्या फाळणीने सिंधकडे जाणारा उरलासुरला रस्ताही बंद झाला. नगर जणू नकाशाच्या काठावर जाऊन बसले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांमुळे सीमेवरचे ठाणे म्हणून त्याचे महत्त्व पुन्हा वाढले, रस्ते आणि रेल्वे आली. त्यातच सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट १९७४ मध्ये झळकला आणि बंगाली प्रवाशांची पावले इकडे वळली. त्यामागून देशोदेशीचे पर्यटक आले. आज नगराचा मोठा संसार पर्यटनावरच चालतो.

पहिला दिवस : वसता किल्ला

आपल्याकडे किल्ला म्हटले की मनात येतात ते ढासळलेले बुरूज, गवत वाढलेली तटबंदी आणि ओस पडलेले वाडे. जैसलमेरचा किल्ला तसा नाही. तो वसता आहे. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ अशा चार दरवाजांतून वळणे घेत वर गेलो की आपण दसरा चौकात पोहोचतो. समोर राजवाडा, बाजूला मंदिरे आणि मागे गल्ल्यांचे जाळे. या गल्ल्यांत आजही काही हजार माणसे राहतात. दारात वाळत घातलेले कपडे, पायरीवर गप्पा मारणाऱ्या आजीबाई, शाळेतून परतणारी मुले असे एका साध्या गावाचे जीवन तटाच्या आत चालू असते. इथली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहत आली आहेत. ‘राजस्थानातील डोंगरी किल्ले’ या नावाने युनेस्कोने २०१३ मध्ये ज्या सहा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत जैसलमेरचा समावेश आहे.

किल्ल्याला एकूण ९९ बुरूज आहेत आणि त्यांपैकी बहुतेक सतराव्या शतकात बांधले गेले. बांधकामातले एक वैशिष्ट्य बारकाईने पाहण्याजोगे आहे. येथले घडीव दगड चुन्याच्या लेपाने जोडलेले नाहीत. ते एकमेकांत खाचा पाडून, कोठे लोखंडी पट्ट्या घालून बसवलेले आहेत. घरांची छपरे लाकडी तुळयांवर चटया वा काटक्या अंथरून, त्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेली. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा मातीचा थर आतले दालन थंड ठेवतो. आपल्याकडच्या एखाद्या गवंड्याने असे छप्पर पाहिले तर तो कपाळाला हात लावील, कारण आपल्या एका आषाढातच त्याचा चिखल होईल. परंतु जेथे वर्षातून मोजक्याच सरी येतात, तेथे हीच रीत शहाणपणाची होती.

किल्ल्यातील जैन मंदिरे बाराव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यानची आहेत. दर्शनाच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा सकाळीच जावे. चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत. पिवळ्या दगडात कोरलेल्या तोरणांखालून आत गेल्यावर मूर्तिकामाची घनता पाहून नजर ठरत नाही. त्याच परिसरात पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरी यांच्या प्रेरणेने जमवलेला ग्रंथसंग्रह आहे. त्याला ज्ञानभांडार म्हणतात. ताडपत्रांवर लिहिलेल्या शेकडो वर्षांच्या पोथ्या येथे जपून ठेवल्या आहेत. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम करणारे जर्मन पंडित गेऑर्ग ब्यूलर १८७४ च्या सुमारास हर्मान याकोबी यांच्यासह हा संग्रह पाहायला येथवर आले होते. मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा एक धागाही येथे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातील विद्वान चिमणलाल दलाल यांनी जैसलमेरच्या भांडारांतील हस्तलिखितांची सूची तयार केली आणि त्यांच्या निधनानंतर ती १९२३ मध्ये ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाले’त प्रसिद्ध झाली.

या पोथ्या एवढी शतके टिकल्या त्यामागे सांभाळणाऱ्यांची निष्ठा तर आहेच, पण वाळवंटाची कोरडी हवाही आहे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ताडपत्राला कीड आणि बुरशी लवकर गाठते. तेथे मात्र टंचाईच राखणदार झाली.

पाण्याचा हिशेब कोठे चुकला

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्रिकूट टेकडी एकसंध कातळाची नाही. समुद्रतळाशी साचलेल्या गाळापासून बनलेल्या खडकांचे थर तिच्यात आहेत आणि त्यांच्या मध्ये मऊ, मातकट थरही आहेत. कोरड्या अवस्थेत हे थर वरचा भार निमूटपणे पेलतात. त्यांत पाणी मुरले की ते फुगतात, मऊ होतात आणि घसरू लागतात. मग वरची भिंत फाटते, बुरूज कलतो.

किल्ला बांधणाऱ्यांना याची जाणीव असावी. पावसाचे पाणी गल्ल्यांतून चोहो दिशांना तटाबाहेर काढून देणारी ‘घूट नाली’ नावाची व्यवस्था त्यांनी केली होती. शिवाय मुळात वापरच अत्यल्प होता. पाणी खालच्या तलावातून बायका डोक्यावरून वाहून आणत. तीन-तीन घागरी घेऊन चार दरवाजे चढून येणाऱ्या बाईने आणलेले पाणी कोणी सांडीत नसे. अंघोळीचे पाणी भांड्यांना, भांड्यांचे जनावरांना, असा प्रत्येक थेंबाचा पुन्हा पुन्हा वापर होई. जमिनीत मुरायला फारसे काही उरतच नसे.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले. पर्यटक वाढले तशी जुन्या घरांची अतिथिगृहे झाली, त्यांत न्हाणीघरे आणि शौचालये आली. प्रत्येक घरामागचा वापर कितीतरी पटींनी वाढला. परंतु ते सांडपाणी वाहून नेण्याची क्षमता जुन्या नाल्यांत नव्हती. काही ठिकाणी नव्या बांधकामांनी त्या बुजल्या, तर काही ठिकाणी नव्या वाहिन्यांना गळती लागली. जे पाणी तटाबाहेर जायचे, ते टेकडीच्या पोटात मुरू लागले.

परिणाम दिसायला फार काळ लागला नाही. १९९६ मध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने संकटग्रस्त वास्तूंच्या आपल्या यादीत या किल्ल्याचा समावेश केला. १९९८ मध्ये बाहेरच्या तटाचा भाग कोसळून सहा जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या काळात काही बुरुजांचेही नुकसान झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुसळधार पावसात तटाचा एक भाग पुन्हा ढासळला. या दरम्यान काहीच केले गेले नाही, असे मात्र नाही. राणीच्या महालाचा जीर्णोद्धार झाला, गल्ल्यांतून नव्या वाहिन्या घातल्या गेल्या, तटाची डागडुजी होत राहिली. पण टेकडीत मुरलेली ओल ही एकदा पुसून संपणारी गोष्ट नव्हे.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो, आणि त्याचे उत्तर सोपे नाही. किल्ला वाचवायचा तर आतली वस्ती हलवावी काय? तसा विचार वेळोवेळी मांडला गेला आहे. परंतु वस्ती गेली तर ‘वसता किल्ला’ हे त्याचे वेगळेपणच संपेल. शिवाय ज्यांच्या पूर्वजांनी ही घरे उभारली, त्यांनी नळाचे पाणी वापरू नये, असे सुखसोयींनी युक्त घरात राहणाऱ्या आपण कोणत्या तोंडाने सांगावे? घरापर्यंत पाणी येणे हा त्यांच्या बायकामुलींच्या डोक्यावरचा भार उतरवणारा बदल होता. चूक पाणी आणण्यात झाली नाही. पाणी आणताना ते परत नेण्याची सोय त्याच तोलाने केली गेली नाही, ही खरी चूक. त्यावर पुन्हा हजारो पाहुण्यांच्या अंघोळीचा भार पडला. पाहुण्यांच्या पाण्याचा भार म्हणजे काय, हे आपल्या किनारी गावांना वेगळे सांगायला नको.

दुसरा दिवस : गडीसर आणि हवेल्या

किल्ल्याच्या आग्नेयेला गडीसर तलाव आहे. चौदाव्या शतकात रावळ गडसी यांनी तो सिद्ध केला आणि पुढे जवळजवळ सहाशे वर्षे तोच नगराची तहान भागवीत राहिला. आज तेथे नौकाविहार चालतो, काठच्या छत्र्यांची छायाचित्रे घेतली जातात आणि कालव्याच्या पाण्यामुळे तलाव बारमाही भरलेला दिसतो. पण त्याचे खरे कौतुक पाण्यापाशी नव्हे, पाण्याच्या पाठीमागे आहे. तलावाभोवतीचा विस्तीर्ण उतार, ज्याला तेथे ‘आगोर’ म्हणतात, तो पावसाचे पाणी तलावाकडे वळवणारा प्रदेश. हा आगोर स्वच्छ राखणे हे नगराचे सामुदायिक कर्तव्य मानले जाई. तेथे घाण करणे, गुरे सोडणे निषिद्ध असे. वर्षातून एकदा राजापासून रयतेपर्यंत सारे मिळून तलावातला गाळ काढीत.

तलावाच्या वाटेवर एक देखणा दरवाजा आहे, तिलोंची पोळ. त्याची कथा गावकरी आवडीने सांगतात. तिलों नावाच्या एका गणिकेने हा दरवाजा स्वखर्चाने बांधायला घेतला. तिने बांधलेल्या दरवाजाखालून आपण पाण्याला जायचे, हे राजघराण्याला रुचले नाही. तेव्हा तिने दरवाजावर कृष्णाचे मंदिर उभारले आणि मग तो पाडणे कोणालाच शक्य झाले नाही. कथा कितपत खरी, हे बाजूला ठेवू. पण पाण्याची वाट बांधणे हे त्या समाजात प्रतिष्ठेचे पुण्यकर्म होते, हे तिच्यातून नीट कळते.

दुपारी हवेल्या पाहाव्यात. गुमानचंद पटवा या धनाढ्य व्यापाऱ्याच्या कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधायला घेतलेल्या पाच हवेल्यांचा समूह ‘पटवों की हवेली’ म्हणून प्रसिद्ध आहे. दिवाण सालिमसिंहांच्या हवेलीचा माथा खालच्या मजल्यांपेक्षा बाहेर पसरलेला आहे. नथमल यांच्या हवेलीची गंमत निराळीच. हाथी आणि लूलू या दोन कारागीर भावांनी तिचे डावे व उजवे अंग वाटून घेतले. दोन्ही बाजू प्रथमदर्शनी सारख्या वाटतात, पण निरखून पाहिले की नक्षीतला भेद कळतो. हे दगडकाम करणारे सिलावट बहुधा मुसलमान. पुढे त्यांच्यातली काही कुटुंबे कराचीला गेली आणि तेथल्या इमारतींनाही त्यांचा हात लागला.

जाळ्या आणि झरोके केवळ शोभेसाठी नाहीत. जाळीच्या असंख्य छिद्रांतून वारा आत येतो, पण ऊन गाळून येते. पुढे झुकलेले सज्जे खालच्या भिंतीवर आणि गल्लीवर सावली धरतात. या कोरीव दगडाला कोरडे हवामान मानवते. गळक्या नळाची ओल चढू लागली की पाण्यातले क्षार दगडाच्या पृष्ठभागावर येऊन साकळतात आणि कोरीव पापुद्रे सुटू लागतात. पुढच्या वेळी एखादी सुंदर जाळी पाहाल, तेव्हा तिच्या पायथ्याशी पांढरट डाग आहेत काय, तेही पाहावे.

तिसरा दिवस : वाळूखालचे पाणी

नगराबाहेर पडल्यावर वाळवंट निर्जल असते, ही आपली समजूत हळूहळू मोडते. तेथले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. आकाशातून पडून तलावात वा टाक्यात साठते ते ‘पालर’ पाणी. खोल विहिरीत लागते ते ‘पाताळ’ पाणी, जे पुष्कळदा खारट असते. आणि या दोहोंच्या मधले, वाळूच्या कणांत ओलाव्याच्या रूपाने अडकून राहिलेले ते ‘रेजाणी’ पाणी. वर्ध्यात जन्मलेले लेखक अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या १९९५ च्या हिंदी पुस्तकात या लोकविद्येचे अतिशय जिव्हाळ्याने वर्णन केले आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी ते अवश्य वाचावे.

रेजाणी पाणी मिळते ते जमिनीखालच्या एका खडूसारख्या पट्ट्यामुळे. काही भागांत वाळूच्या खाली जिप्समचा थर आहे. वरून मुरलेला पाऊस त्या थरावर अडतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. या ओलाव्यासाठी जी अरुंद विहीर खणतात तिला ‘कुईं’ म्हणतात. तोंड लहान, कारण पाणी उडून जाऊ नये. वाळूतून थेंब थेंब पाझरून दिवसभरात दोन-चार घागरी जमतात, आणि तेवढ्यावर एखाद्या घराची गरज भागते. याच थराची दुसरी बाजू २००६ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात दिसली. अतिवृष्टीनंतर कवास गावात शिरलेले पाणी महिनोन्‌महिने साचून राहिले, कारण खालचा जिप्समचा थर त्याला मुरू देईना. ज्या थराने तहान भागवली त्यानेच पूर अडवून धरला.

नगरापासून १८ किलोमीटरच्या सुमारास कुलधरा हे ओस पडलेले गाव आहे. पालीवाल ब्राह्मणांची ही वसाहत. दिवाण सालिमसिंहांच्या जाचाला कंटाळून ८४ गावांतील पालीवाल एका रात्रीत निघून गेले आणि जाताना शाप देऊन गेले, अशी दंतकथा सांगितली जाते. भुताखेतांच्या गोष्टींमुळे हल्ली तेथे गर्दी होते. अभ्यासकांनी मात्र करांचा बोजा, आटत गेलेले पाणी आणि भूकंप अशी निरनिराळी कारणे पुढे मांडली आहेत, आणि गाव एका रात्रीत नव्हे तर हळूहळू रिकामे झाले असावे, असे त्यांतून दिसते. भुतांपेक्षा पालीवालांची शेती अधिक आश्चर्यकारक आहे. खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी खालच्या सखल भागात मातीचा लांबलचक बांध घालून ते अडवीत. याला ‘खडीन’ म्हणतात. पाणी मुरले की त्या ओलीवर रब्बीत गहू आणि हरभरा पिकतो. जेथे पाऊस २०० मिलिमीटरही नाही, तेथे गहू!

खडीन पाहताना गोमंतकीयाला आपली खाजने आठवल्यावाचून राहणार नाहीत. तेथे बांध गोडे पाणी अडवण्यासाठी आहे आणि आपल्याकडे खाडीचे खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी. तेथे जादा पाणी सोडायला सांडवा, तर आपल्याकडे भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारी मानस. पण दोन्हीकडे बांध टिकतो तो गावाने एकत्र येऊन तो राखला तरच. गावकरीची शिस्त सैल झाली, बांध फुटले आणि खाजने खारी झाली, ही गोष्ट आपण जवळून पाहिली आहे. जैसलमेरच्या परिसरातही जेथे खडीन अजून नांदते आहे, तेथे ते सामुदायिक शिस्तीवरच नांदते आहे.

वेळ असल्यास आकल येथील जीवाश्म उद्यान पाहावे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे उघड्या माळावर पडलेली दिसतात. ज्या भूमीला आपण शाश्वत वाळवंट समजतो, तेथे कधी काळी घनदाट वनराई होती आणि पुढे समुद्रही येऊन गेला.

सायंकाळ : कमायचाचे सूर

वाळवंटातली संध्याकाळ मांगणियारांच्या गाण्यावाचून अपुरी. हे पिढीजात गायक मुसलमान, आणि त्यांचे यजमान बहुतांशी हिंदू. यजमानाच्या घरी जन्म, लग्न, सण असले की मांगणियारांनी गायचे आणि यजमानांनी त्यांचा योगक्षेम पाहायचा, अशी ही परंपरा. कातड्याने मढवलेल्या गोल पोटाचा कमायचा, लाकडी पट्ट्यांचे खडताल आणि मोरचंग ही त्यांची वाद्ये. जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे साकर खाँ हे कमायचाचे थोर वादक होते. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कलावंतांना जगाच्या रंगमंचावर नेण्यात लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांचा वाटा फार मोठा आहे. विजयदान देथा यांच्यासह त्यांनी १९६० मध्ये ‘रूपायन संस्थान’ स्थापले.

यजमानांची घरे शहरांकडे गेली, तसा कलावंतांचा आधार बदलला. आता पर्यटकच यजमान झाले आहेत. सम येथील तंबूंच्या वस्तीत ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते वाजवली जातात, तेव्हा गायकालाही तेच गावे लागते. आपण आवर्जून सांगितले की, ‘तुमच्या घरचे गाणे ऐकवा’, तर बहुधा वेगळेच दालन उघडते. पावसाची वाट पाहणारी, पाण्याला जाणाऱ्या बायकांची गाणी या भांडारात आहेत. बिदागी द्यायची ती थेट गायकाच्या हाती द्यावी.

निघण्यापूर्वी

ऑक्टोबर ते मार्च हा काळ प्रवासाला योग्य. दिवसा ऊन सुखद असते, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गोमंतकीयाला चांगल्याच झोंबतात, तेव्हा लोकरीचे कपडे हवेतच. माघ पौर्णिमेच्या सुमारास वाळवंट महोत्सव भरतो, त्या वेळी गर्दीची तयारी ठेवावी. जोधपूरहून रस्त्याने वा रेल्वेने पाच-सहा तासांत पोहोचता येते.

मुक्कामाचा निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावा. किल्ल्याच्या आतल्या झरोक्यातून दिसणारी पहाट मोहक असते, यात शंका नाही. पण टेकडीची अवस्था पाहता मुक्काम तटाबाहेर करावा, हा सल्ला अनेक जाणकार देत आले आहेत आणि तो रास्त वाटतो. मग किल्ल्यातल्या कुटुंबांच्या पोटापाण्याचे काय? त्यासाठी दिवसभर आत हिंडावे, तेथल्या घरगुती खानावळीत केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी खावी, तेथल्याच दुकानांतून खरेदी करावी, तेथल्याच वाटाड्याला सोबत घ्यावे. आपला पैसा आत जावा, आपले सांडपाणी मात्र आत मुरू नये, एवढा विवेक पाळणे पाहुण्याला कठीण नाही.

खोली आरक्षित करताना आपण गरम पाणी आहे काय, हे आठवणीने विचारतो. जैसलमेरला जाताना त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : वापरलेले पाणी जाते कोठे? उत्तर देणारा क्षणभर थबकेल. पण असा प्रश्न विचारणारे पाहुणे वाढले, तर त्याचे उत्तर तयार ठेवणे यजमानांनाही भाग पडेल.